गोविंद तळवलकरांना इतिहासकार का म्हणायचं नाही?

जुना_मटावाला:
परवा एकाने लिहिलेलं वाचलं आणि डोकं फिरलं म्हणून हे लिहितोय, लांबेल थोडं. त्यांचं म्हणणं असं की गोविंद तळवलकर मोठे संपादक होते हे मान्य, पण त्यांना इतिहासकार म्हणणं आता बंद करा. त्यांनी दप्तरखान्यात बसून एकही नवा कागद शोधला नाही, दुसऱ्यांनी छापलेले कागद वाचले आणि चांगल्या मराठीत सांगितले. वर त्यांच्या फाळणी आणि स्वातंत्र्यावरच्या 'सत्तांतर' या ग्रंथाबद्दल एक वाक्य आहे, "सत्तांतर म्हणजे तीन खंडांचा अग्रलेख."

हे वाक्य मला लागलं. माझे वडील गिरणीत टाइमकीपर होते, जेमतेम मॅट्रिक. सकाळच्या लोकलमध्ये मटाचा, म्हणजे महाराष्ट्र टाइम्सचा, अग्रलेख वाचायचे आणि रविवारी कात्रणं वहीत चिकटवायचे, खाली तारीख घालून. फाळणी का झाली हे मला शाळेने दोन ओळींत सांगितलं होतं. वेव्हेल कोण, क्रिप्स कशाला आला होता, कॅबिनेट मिशनची योजना कशी फिसकटली, हे मला सत्तांतर वाचून कळलं आणि वडिलांनाही त्याच पुस्तकातून कळलं. आम्ही दोघं एकाच प्रतीत खुणा करायचो, त्यांची पेन्सिल, माझं पेन.

ब्रिटिश सरकारने सत्तांतराचे कागद १९७० ते १९८३ या काळात १२ खंडांत छापले, निकोलस मॅन्सर्ग मुख्य संपादक. तारा, टिपणं, व्हाइसरॉय आणि भारतमंत्र्यांची पत्रं, सगळं सरकारी इंग्रजीत. ते इथे कोण वाचणार होतं? या माणसाने वाचलं, तेसुद्धा रोजचा पेपर चालवता चालवता. मटाचं संपादकपद २७ वर्षं, त्याआधी लोकसत्तेत. निवृत्तीनंतर गोखल्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मार्च २०१७ मध्ये ह्यूस्टनला वारले तेव्हा वय ९१. हजारो कागदांतून कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवणं म्हणजे इतिहासकाराचं काम नाही तर कुणाचं आहे?

तळटीप:
ती पोस्ट माझीच. वडिलांबद्दल वाईट बोललो नाही आणि बोलणारही नाही, पण त्यांच्या आठवणीने माझा मुद्दा खोडला जात नाही.

मुद्दा एक. ते १२ खंड म्हणजे ब्रिटिशांनी स्वतः निवडलेले ब्रिटिश कागद. काम विल्सन सरकारने १९६७ ला जाहीर केलं. राज्य सोडताना आम्ही किती शहाणपणाने वागलो हे त्यांना दाखवायचंच होतं. इतिहासकार आधी विचारतो की या कागदांत काय नाही. मुद्दा दोन, तळवलकर रॉयवादी वळणाचे, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. मटाचे पहिले संपादक द्वा. भ. कर्णिकही रॉयवादीच. रॉय यांनी युद्धात ब्रिटिशांना पाठिंबा दिला होता, बेचाळीसच्या चळवळीला त्यांच्या गोटाचा विरोध होता. आणि मॅन्सर्गचे कागद सुरूच होतात १९४२ पासून. त्या चष्म्यातून लिहिलेलं ते सत्तांतर आहे.

आणि स्वतःचं सांगायचं तर पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये मी मराठी पत्रकारांची सहा पुस्तकं संदर्भात घातली होती. गाईडने लाल पेनने सहाही खोडली. म्हणाले, मत नको, कागद आणा. तेव्हा रडू आलं होतं, आज वाटतं बरोबर केलं.

रियासतवेडा:
मग राजवाड्यांनाही खोडा की! ते कुठल्या विद्यापीठात होते? गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उपसून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली. सरदेसाई बडोद्याच्या नोकरीत होते आणि नंतर पेशवे दप्तराच्या निवडीचे ४५ खंड त्यांनीच काढले. न. र. फाटक आधी वृत्तपत्रात होते, मग रुईया कॉलेजात मराठी शिकवायचे, आणि रानडे, गोखले, टिळक तिघांची चरित्रं त्यांनी लिहिली. मराठीत इतिहास लिहिला तो नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांनी. तुमच्या गाईडने लाल पेन चालवलं म्हणून आम्ही सगळ्यांना ओळीत उभं करून पदवी विचारायची का?

तळटीप:
उदाहरण तुम्हीच दिलंत. राजवाड्यांनी कागद शोधले. मी पदवी मागत नाही, कागद मागतोय.

सदाशिव_पेठी:
इतिहासकार असोत नसोत, तळवलकरांचा खरा दोष वेगळा आहे. त्यांना गोखले आणि रानडे एवढेच दिसतात. ज्या गोखल्यांनी १८९७ साली गोऱ्या सोल्जरांची माफी मागितली त्यांच्यावर एवढं प्रेम! पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोल्जर घरात घुसत होते, देवघरात बूट घालून जात होते. माझ्या पणजीची आई सांगायची की बायकांना रस्त्यावर उभं करून काखा तपासायचे. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये हे सांगितलं आणि मुंबईत उतरल्यावर माफी मागून मोकळे झाले. टिळक त्याच वर्षी लेखांपायी तुरुंगात गेले. हा फरक आहे.

नेमस्त:
अर्धी गोष्ट सांगू नकोस रे. गोखले तिकडे वेल्बी कमिशनपुढे, म्हणजे हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे, साक्ष द्यायला गेले होते. पुण्यातल्या मित्रांची पत्रं आली, त्यात दोन बायकांवर अत्याचार झाल्याचं होतं, ते त्यांनी तिथल्या पेपरात सांगितलं. परत आले तेव्हा पुण्यातला प्लेगचा अधिकारी रँड याचा खून होऊन गेलेला, धरपकड चालू, आणि ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यातला एकही पुढे येईना. नावं सांगितली असती तर गोखले सुटले असते, मित्र अडकले असते. त्यांनी नावं गिळली आणि स्वतः नाक घासलं. याला भित्रेपणा म्हणतोस तू?

सदाशिव_पेठी:
अरे-तुरे करू नका, मी तुमच्या वर्गात नव्हतो. नावं गिळली ठीक, पण "मला ऐकीव माहिती होती, सिद्ध करता येत नाही" इतकं म्हणून थांबता आलं असतं. सोल्जरांनी चांगलं काम केलं असं सर्टिफिकेट द्यायची गरज काय होती? ज्यांच्या घरात ते घुसले त्या बायकांना हे वाचून काय वाटलं असेल याचा विचार तुमच्या नेमस्तांपैकी एकाने तरी केला का?

नेमस्त:
अरे-तुरे चुकलं, मागे घेतो. माफीची भाषा गरजेपेक्षा जास्त लवलेली होती हेही मान्य करतो, मला स्वतःला ती वाचताना त्रास होतो. पण जो माणूस पुराव्याशिवाय बोललो म्हणून आयुष्यभर मान खाली घालतो आणि नंतर आकड्यांशिवाय तोंड उघडत नाही, तो संपादकाला जवळचा वाटणारच ना? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल गोखल्यांनी १९११ ला आणलं, पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्यावर तुमची पेठ काही बोलत नाही. आणि गोखले गेले तेव्हा त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हणणारे टिळकच होते.

सदाशिव_पेठी:
टिळकांचं मन मोठं होतं म्हणून म्हणाले. त्याने माफी धुतली जात नाही.

जुना_मटावाला:
अहो हा धागा तळवलकरांवर आहे! पण एक सांगतो, तुमचं भांडण आणि आमचं भांडण एकच आहे. गोखल्यांकडे पत्रं होती, साक्षीदार नव्हते. पत्रकार पत्रावर बातमी देतो, इतिहासकाराला साक्षीदार लागतो. तळवलकरांनी दोन्ही बाजूंना पाय ठेवला आणि म्हणून आयुष्याचा एवढा मोठा भाग गोखल्यांवर घातला असं मला मनापासून वाटतं. तळटीप, तुम्हाला एकच प्रश्न. रॉयवादी चष्मा कुठल्या पानावर दिसला? पान सांगा.

ग्रंथपाल_बाई:
मी तालुक्याच्या वाचनालयात २२ वर्षं काम केलं. तुम्ही कुणी ज्याबद्दल बोलत नाही ते मी बोलते, पुस्तकाच्या शेवटच्या सूचीबद्दल. आपल्याकडे पाचशे-पाचशे पानांची इतिहासाची पुस्तकं निघतात आणि मागे नामसूची नसते. प्रकाशक म्हणतो पानं वाढतात, लेखक म्हणतो कुणी बघत नाही. मी बघते ना! एकदा स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा आला, त्याला सप्रू कुठे कुठे आलेत ते हवं होतं, आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी एक जाड ग्रंथ पान पान उलटून काढला. मग मी स्वतःच कार्डं करायला लागले, एका नावाला एक कार्ड. निवृत्त झाले तेव्हा बुटांच्या खोक्यात नऊशेच्या वर होती. नवीन लोकांनी ती रद्दीत घातली. मला वेदना होतात त्याच्या अजून.

रियासतवेडा:
ताई, ऐकून पोटात कालवलं. य. दि. फडके वाचताना तळटिपांचा आधार किती वाटतो ते आठवलं. या एका बाबतीत मी तळटीप यांच्या बाजूचा, नाइलाजाने का होईना.

तळटीप:
ताई, माझं सगळं भांडण हेच आहे, मला ते नीट सांगता आलं नाही. मला माणूस लहान करायचा नाहीये, वाचकाला मागे जाऊन तपासता आलं पाहिजे एवढंच.

आणि मटावाले, पान. दोन तास झाले, पहिला खंड समोर उघडा आहे. चष्मा दिसेल असं नेमकं पान सापडलं नाही. माणसाच्या वळणावरून पुस्तकाबद्दल बोललो, ती चूक. ते वाक्य मागे घेतो. ब्रिटिश कागदांच्या मर्यादेचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

जुना_मटावाला:
तो मुद्दा सोडूही नका, तो मलाही पटतो, फक्त मग आपली बाजू कुणी छापायची होती तेही विचारा. भारताने त्याला उत्तर म्हणून 'टुवर्ड्स फ्रीडम' ही आपल्या बाजूच्या कागदांची मालिका काढली, विद्यापीठातली मोठी नावं होती, आणि २००० साली सुमित सरकार आणि पणिक्कर यांचे खंड छपाईतून परत मागवले. प्राध्यापकांचे कागद अडकून पडले त्या काळात माझ्या वडिलांसारख्या माणसाला निदान एक बाजू पूर्ण वाचायला मिळाली.

तळटीप:
हो, मिळाली. त्यांची कात्रणांची वही आहे का अजून?

जुना_मटावाला:
चार वह्या आहेत. डिंक सुटलाय, तारखा दिसतात.

ग्रंथपाल_बाई:
स्कॅन करण्याआधी पानं सुटी करू नका आणि सेलोटेप अजिबात लावू नका. पत्ता कळवा, मी कार्डं करून देईन.