मदत हवी आहे: डोंगलवर मेल येतात, जात मात्र नाहीत

शाईचाडाग
नमस्कार मंडळी. चार दिवस डोकं फोडून झालं, आता तुम्हालाच विचारते.

घरची वायरवाली ब्रॉडबँड लाइन बंद पडली आहे. दुरुस्त होईपर्यंत सिम घालायचं डोंगल लॅपटॉपला लावून काम रेटते आहे. नेटला तक्रार नाही. मोठ्या फायली उतरतात, व्हिडिओ कॉल होतात, थंडरबर्डमध्ये (माझा मेलचा प्रोग्राम) मेलसुद्धा येतात. पाठवायला गेलं की मात्र ती निळी पट्टी मिनिटभर सरकत राहते आणि शेवटी 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही, वेळ संपली'. मी भाषांतराची कामं घेते, त्यामुळे मेल जात नाही म्हणजे काम पोचत नाही.

करून झालेले उद्योग: लॅपटॉप बंद-चालू, डोंगल दुसऱ्या यूएसबीत, तेच सिम फोनमध्ये घालून हॉटस्पॉट, अँटिव्हायरस तात्पुरता बंद. शेवटी थंडरबर्डमधून खातंच काढलं आणि वहीत लिहून ठेवलेली सेटिंग्ज बघून पुन्हा जोडलं. त्यात सगळे फिल्टर गेले ते वेगळंच.

दोन गोष्टी चक्रावून टाकणाऱ्या आहेत. त्याच सिमवर, त्याच खात्यातून, फोनवरून मेल बिनबोभाट जातं. आणि लॅपटॉप शेजारी नेऊन त्यांच्या वायफायवर लावला तर तिथूनही जातं! (त्यांच्याकडे आमच्याच कंपनीची लाइन आहे, फक्त ती चालू आहे.) सिमवाल्यांना फोन केला तर म्हणाले, 'मॅडम, नेट चालू आहे ना, मग आमच्याकडून सगळं ठीक आहे.'

माझी मेल कधीकधी समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात हाही जुना त्रास आहे, पण तो वेगळा विषय. आधी जाऊ तरी देत. आगाऊ धन्यवाद.

उलटटपाल
वेबमेलवरून पाठवा आजच्यापुरतं. ब्राउझरमधून जाणाऱ्या मेलला ही भानगड नसते.

शाईचाडाग
हो, कालपासून तेच करते आहे. पण सगळे साचे आणि सह्या थंडरबर्डमध्ये आहेत, आणि कारण कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

दोनफुल्या
शेजारच्या वायफायची गोष्ट लिहिलीत ते फार बरं केलंत. निम्मं उत्तर त्यातच आहे असा माझा संशय आहे. थंडरबर्डमधली जाणाऱ्या मेलची सेटिंग्ज इथे लिहा: सर्व्हर कोणाचा, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) कोणता, सुरक्षा कोणती, ऑथेंटिकेशन (पासवर्डने ओळख पटवणं) आहे का. सर्व्हरचं पूर्ण नाव, तुमचा पत्ता आणि पासवर्ड लिहू नका.

शाईचाडाग
येणारी मेल: माझ्या डोमेनच्या (पत्त्यातलं ॲटनंतरचं माझं स्वतःचं नाव) होस्टिंगवाल्यांचा सर्व्हर, पोर्ट ९९३.
जाणारी मेल: वायरवाल्या ब्रॉडबँड कंपनीचा सर्व्हर, पोर्ट २५, सुरक्षा 'काही नाही', ऑथेंटिकेशन 'नाही'.
हे सगळं भाच्याने पाच वर्षांपूर्वी लावून दिलं होतं, तेच वहीत आहे. वेगळे सर्व्हर असणं चूक आहे का?

दोनफुल्या
चूक नाही, जुनी पद्धत आहे. पण तुमचं कोडं तिथेच आहे. सविस्तर लिहितो.

मेल आणणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणायला तुम्ही आयमॅप नावाच्या पद्धतीने होस्टिंगवाल्यांकडे जाता, पासवर्ड दाखवता, ते देतात. जगात कुठूनही गेलात तरी चालतं. पाठवायचं काम एसएमटीपी नावाच्या नियमसंचाचं. त्याचं १९८२ चं मूळ रूप बघितलं तर त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. जो दारात येईल त्याचं पत्र घ्यायचं. पुढे स्पॅमचा पूर आला, तेव्हा ब्रॉडबँड कंपन्यांच्या सर्व्हरनी एक साधा नियम केला: पाठवणाऱ्याचा आयपी (नेटवरचा त्याचा आकडी पत्ता) आपल्याच ग्राहकांना दिलेल्यांपैकी असेल तर घ्या, बाकीच्यांना परत पाठवा. तुमच्या भाच्याने ऑथेंटिकेशन 'नाही' ठेवलं तरी पाच वर्षं चाललं ते यामुळे. शेजारची लाइन त्याच कंपनीची, म्हणून तिथूनही चाललं. डोंगलवर आलात की तुमचा आयपी सिमवाल्यांचा. त्या सर्व्हरच्या लेखी तुम्ही परके.

पण तुम्ही त्या सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आहात. पोचला असतात तर त्याने ५५० किंवा ५५४ अशा आकड्याने नकार दिला असता. तुम्हाला नकार नाही, नुसती शांतता मिळते. म्हणजे वाटेतच कोणीतरी अडवतंय. व्हायरस लागलेली यंत्रं गुपचूप स्पॅम पाठवतात ती २५ नंबरच्या पोर्टवरून, म्हणून पुष्कळ मोबाइल नेटवर्क ग्राहकांकडून बाहेर जाणारं २५ सरळ बंद ठेवतात. मला विचाराल तर योग्यच करतात. तुमच्या-माझ्यासाठी ५८७ हे वेगळं पोर्ट डिसेंबर १९९८ पासून ठरलेलं आहे. २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधल्या टपालासाठी.

फोनवर कोणता सर्व्हर आहे ते बघा. मी पैज लावतो, होस्टिंगवाल्यांचाच असणार.

गुंतवळ
ताई, इतकं कशाला, एक व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारा प्रोग्राम) टाका, सगळं सुटेल.

दोनफुल्या
@गुंतवळ, व्हीपीएनवालेही बरेचदा २५ बंद ठेवतात, कारण तेच. आणि उघडं असलं तरी वायरवाल्यांच्या सर्व्हरला व्हीपीएनचा आयपीही परकाच.

शाईचाडाग
पैज जिंकलात. फोनवर होस्टिंगवाल्यांचा सर्व्हर आहे, पोर्ट ४६५. फोन मी नंतर घेतला, तेव्हा ॲपने स्वतःच शोधून भरलं होतं. माझं वहीवरचं प्रेम नडलं म्हणायचं.

आता लॅपटॉपवर काय भरू, ५८७ की ४६५?

दोनफुल्या
आधी दोन्ही उघडी आहेत का बघा. टेलनेट (सर्व्हरच्या पोर्टशी साध्या मजकुरात जोडून बघायचा प्रोग्राम) चालू करून होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरचं नाव आणि पुढे पोर्टचा आकडा द्या. २५, ५८७, ४६५ अशा तिन्हींवर.

शाईचाडाग
२५: थांबून राहिलं, मग जोडता आलं नाही.
५८७: लगेच २२० ने सुरू होणारी एक ओळ आली.
४६५: नुसता काळा पडदा. हेही बंद?

दोनफुल्या
नाही, ४६५ चा काळा पडदा ही चांगली बातमी आहे. तिथे पहिल्या क्षणापासून टीएलएस, म्हणजे संभाषणाला लावायचं कुलूप, लागतं, आधी बोलायचं ते तुमच्या बाजूने, आणि टेलनेटला ती भाषा येत नाही. ५८७ वर संभाषण साध्या मजकुरात सुरू होतं आणि 'स्टार्टटीएलएस' म्हटल्यावर कुलूप लागतं. मी ४६५ घेईन. वाटेतलं एखादं यंत्र स्टार्टटीएलएसची ओळच खोडून टाकतं, असे प्रकार मोबाइल नेटवर्कवर घडले आहेत. ४६५ वर खोडायला काही उघडं नसतंच. २०१८ पासून अधिकृत शिफारसही त्याच बाजूची आहे. सुरक्षा 'एसएसएल/टीएलएस', ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड'. या नावाला बिचकू नका, तो पासवर्ड कुलपाच्या आतून जातो.

शाईचाडाग
केलं. आता पट्टी सरकत नाही, लगेच तोंडावर दार: '५३५ ऑथेंटिकेशन फेल्ड'. पासवर्ड तोच आहे जो वेबमेलला चालतो!

उलटटपाल
युजरनेममध्ये फक्त ॲटच्या आधीचा भाग टाकलात का? डोमेनच्या मेलला बहुतेक वेळा पूर्ण पत्ता लागतो. आणि वेबमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं असेल तर मेल प्रोग्रामसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

शाईचाडाग
पूर्ण पत्ता टाकला आणि गेलं!! स्वतःलाच 'चाचणी' म्हणून पाठवलेलं मेल बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. दोनफुल्या, उलटटपाल, दोघांचेही मनापासून आभार.

खिळखिळामाऊस
धागा पळवतोय, माफ करा. माझं उलटं आहे. मी लॅपटॉपवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे, ती थेट समोरच्याच्या सर्व्हरला मेल देते. एका मोबाइल नेटवर्कवर २५ उघडं आहे, पण मेल ५५४ ने परत येतं आणि स्पॅमहॉस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत तुमचा आयपी आहे म्हणतं. मी आयुष्यात स्पॅम पाठवलेलं नाही.

दोनफुल्या
पीबीएल म्हणजे गुन्हेगारांची यादी नव्हे. ज्या आयपींवरून थेट मेल येणं अपेक्षितच नाही, अशा पट्ट्यांची ती यादी आहे, आणि कितीतरी पट्टे नेटवर्कवाले स्वतःहून त्यात घालतात. शिवाय मोबाइलवर तुमचा बाहेरचा आयपी तुमच्या एकट्याचा नसतो, एकाच आयपीमागे अनेक ग्राहक असतात. डोंगलला मिळालेला आयपी १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर नक्कीच तसं आहे, तो पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठी राखून ठेवला आहे. यादीतून नाव काढायच्या मागे लागू नका. स्क्रिप्टला तुमच्या मेल खात्याचा ५८७ किंवा ४६५ वाला सर्व्हर आणि पासवर्ड द्या, झालं.

शाईचाडाग
मंडळी, मी परत आले. तोंड लपवून.

साधी मेल जातात. फाइल जोडली की पुन्हा पट्टी सुरू, आणि काही मिनिटांनी जोडणी तुटली असा निरोप. नकाराचा आकडा वगैरे नाही.

उलटटपाल
फाइल केवढी आहे? जोडलेली फाइल मेलमध्ये साधारण एक तृतीयांशाने फुगते. १९-२० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेला धडकू शकते.

शाईचाडाग
२ एमबीसुद्धा नाही. २०० केबीचीही अडकते. दोन ओळींचं मेल मात्र झटक्यात.

दोनफुल्या
आकाराचा नकार असता तर आकडा आला असता. पुन्हा शांतता आहे म्हणजे पुन्हा वाटेतच बघायचं. मला एमटीयूचा, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं त्या मर्यादेचा, संशय आहे. लॅपटॉप १५०० बाइटची पाकिटं पाठवायला बघतो. मोबाइल नेटवर्क प्रत्येक पाकिटाला स्वतःचं वेष्टन घालतं, त्यामुळे आतली जागा कमी होते. खरं तर 'पाकीट लहान कर' असा निरोप उलट यायला हवा, पण तो कुठेतरी गाळला जातो. दोन ओळींचं मेल लहान पाकिटात बसतं म्हणून सुटतं.

तपासायला: पिंगला (चाचणीचं पाकीट पाठवून उत्तर येतं का बघणारी आज्ञा) तुकडे न करण्याचा पर्याय देऊन १४७२ बाइट पाठवा (वर २८ बाइटची शीर्षकं मिळून १५०० होतात). उत्तर येईपर्यंत आकडा कमी करत जा.

शाईचाडाग
१४७२ नाही, १४४० नाही, १४०० नाही. १३९० ला उत्तर आलं!

दोनफुल्या
म्हणजे १४१८ पर्यंत वाट मोकळी आहे. डोंगलचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडा, एमटीयूच्या रकान्यात १४०० भरा, डोंगल बंद-चालू करा.

शाईचाडाग
गेली. २ एमबीची गेली, मग हावरटपणाने ११ एमबीची पाठवली, तीही गेली. 🙏

शेवटचा प्रश्न. वायरवाली लाइन परवा सुरू होईल म्हणतात. तेव्हा हे सगळं उलटं करून जुनं भरायचं का?

दोनफुल्या
अजिबात नको. एमटीयू डोंगलमध्ये आहे, तो डोंगलबरोबर कपाटात जाईल. मेलची सेटिंग्ज आहेत तशीच राहू देत, वायरवरही चालतील.

आणि तुम्ही सुरुवातीला 'वेगळा विषय' म्हणून बाजूला ठेवलेलं स्पॅमचं. तुमच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत त्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते लिहिलेलं असतं. ती होस्टिंगवाल्यांनी तयार केली असणार, त्यात त्यांचेच सर्व्हर असणार. तुमची मेल जात होती वायरवाल्यांच्या सर्व्हरवरून. तो त्या नोंदीत नसेल, तर घेणाऱ्याला ती परक्याने तुमचं नाव लावून पाठवल्यासारखी दिसत असणार.

शाईचाडाग
अरे देवा. पाच वर्षं मी प्रत्येक फाइल पाठवून झाल्यावर लोकांना फोन करून 'जरा स्पॅममध्येही बघा हं' म्हणते आहे. भाच्याला या धाग्याची लिंक पाठवते. मेलनेच.