‘अपंगांनी गाडी चालवायचा हट्ट कशाला?’ : जरा लांबलचक उत्तर

जोडचाक

परवा सरळसोट यांनी इथे फोरमवर एक पोस्ट टाकली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: सिंहगड रस्त्यावर साइड व्हीलच्या (मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेल्या) स्कूटरने वळताना त्यांच्या कारचा बंपर खरवडला. चालवणाऱ्याच्या पायात कॅलिपर (अधू पायाला आधार देणारा पट्ट्या-सळ्यांचा साचा) दिसला म्हणून तिथे गप्प बसले आणि घरी येऊन लिहिते झाले. अशांना लायसन देणं ही भलती दया आहे, त्यापेक्षा सरकारने त्यांना बस-रिक्षा फुकट करावी, आणि गाड्यांवरची करसवलत म्हणजे बोगस सर्टिफिकेटवाल्यांचं कुरण, असं सगळं एका दमात.

बंपरचं ऐकून वाईट वाटलं. पण धडधाकट माणसाने खरवडला असता तर ‘दोन पायवाल्यांना लायसन का देतात’ अशी पोस्ट आली असती का?

माझा उजवा पाय दीड वर्षाचा असताना पोलिओत गेला. नोकरी लागल्यावर पहिली चार वर्षं भाऊ सोडायचा. त्याची पाळी बदलली की माझी अर्धी रजा. 1994 ला जुनी कायनेटिक होंडा घेतली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. नाना पेठेतल्या एकाकडून मागे दोन चाकं लावून घेतली. पहिल्या दिवशी ऑफिसातून येताना टपरीवर थांबलो आणि एका चहावर पाऊण तास बसून राहिलो. काम काही नव्हतं. घड्याळ बघत ताटकळणारं बरोबर कुणी नव्हतं, म्हणून बसलो. हा माझा हट्ट.

बसचा सवलतीचा पास माझ्याकडेही आहे. पण बसची पहिली पायरी माझ्या मांडीला लागते, आणि एक कुबडी आत टाकून दुसरी उचलेपर्यंत डबल बेल पडलेली असते.

कायद्याचं म्हणाल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ‘इनव्हॅलिड कॅरेज’ची, म्हणजे अपंगांच्या गाडीची, व्याख्याच अशी होती की गाडी मुळातूनच अपंगांसाठी बनवलेली हवी, नुसती बदल केलेली चालणार नाही. आता अशी गाडी कुठल्या शोरूमला मिळायची? बदल केलेल्या गाडीला ‘अ‍ॅडाप्टेड व्हेइकल’ म्हणून कायद्यात जागा मिळाली ती 2019 च्या दुरुस्तीत. म्हणजे पंचवीस वर्षं मी नेमकं काय चालवत होतो ते कायद्याला ठाऊक नव्हतं.

एक अडचण मात्र मान्य. साइड व्हील लावलेली गाडी माझ्यासारख्याला पायाने मागे रेटता येत नाही. रोज कुणाला तरी ‘दादा, जरा मागे ओढता का’ म्हणावं लागतं. बाकी तीस वर्षांत कुणाचा बंपर खाल्लेला नाही.

सरळसोट

जोडचाक, तुम्ही वैयक्तिक घेतलंत. माझा आक्षेप माणसावर नाही, जुगाडावर आहे. स्कूटर वळताना झुकते, तशीच ती बनवलेली असते. दोन बाजूंना चाकं लावून तुम्ही तिचं झुकणंच बंद करता. जोरात वळलात की ती बाहेरच्या बाजूला कलंडणार. दहावीचं भौतिकशास्त्र आहे. आणि ते वेल्डिंग कुणी तपासलं? नाना पेठेतल्या त्या ‘एका’ने?

शिवाय पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 चा. हा प्रश्न तसाही एका पिढीपुरता आहे.

कोथिंबिरीची_जुडी

परवा ‘अशांना लायसन’ होतं, आज ‘जुगाड’ झालं. बंपरपेक्षा मुद्दाच जास्त सरकला की हो.

चाकाची_खुर्ची

एका पिढीपुरता? मला पोलिओ नाही. 2016 साली नवऱ्याच्या मागे बाइकवर बसले होते, पावसाळा होता, पाण्याखाली खड्डा होता. छातीखाली काही जाणवत नाही. तुमचे ते खड्डे कुठल्या साली संपणार आहेत तेवढं सांगा, म्हणजे माझी ‘पिढी’ पण मोजता येईल.

मी ऑटोमॅटिक कार चालवते. स्टिअरिंगखाली एक दांडा आहे, ढकलला की ब्रेक, ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. दुसऱ्या हाताने स्टिअरिंगवरची मूठ धरून वळवायचं. पायांना कधी कधी आपोआप झटका येतो, तो पेडलवर बसू नये म्हणून खाली पत्र्याची आडकाठी आहे. तुमच्या दहावीच्या पुस्तकात हे नसेल.

करसवलतीचं पण ऐकूनच घ्या. मी 2021 ला घेतली. फक्त अस्थिव्यंगवाल्यांना, तेही अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर. गाडी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत, पाच वर्षं विकायची नाही. दिल्लीहून अवजड उद्योग मंत्रालयाचं पत्र येईपर्यंत डीलर रोज फोन करायचा, ‘मॅडम, गाडी सोडू का दुसऱ्याला?’ एवढं करून जीएसटी 28 चा 18 टक्के झाला. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांना सगळ्यांनाच 18 टक्के आहे. म्हणजे त्या दिवशी अख्खा देश अपंग झाला म्हणायचा. कुरणात या, चरा.

दांड्याचे तीस हजार मात्र माझे मी भरले, ते बाकी कुणाला भरावे लागत नाहीत.

निवृत्त_निरीक्षक

मोटार वाहन खात्यात 28 वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. सरळसोट यांचं भौतिकशास्त्र बरोबर आहे. अशी गाडी वळणावर हळूच घ्यावी लागते. पण ते चालवणाऱ्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. टेस्टला मी नापास केलेले बहुतेक जण दोन्ही पायांवर चालत घरी गेले.

वेल्डिंगचा मुद्दा मात्र टाकाऊ नाही. किट बसवलं की गाडी दाखवून आरसीवर नोंद करायची असते. काही जण पासिंगला एक किट दाखवतात आणि सहा महिन्यांनी भलतंच काहीतरी लावून फिरतात. नोंद नसली की अपघाताच्या क्लेमला विमा कंपनी हात वर करते, मग खात्याच्या नावाने शिमगा. आणि एजंटकडून कामं करून घेऊ नका, हे मी सांगून सांगून थकलो.

जोडचाक

निरीक्षकसाहेब, नोंद करायला मी स्वतःच गेलो होतो. खिडकी पहिल्या मजल्यावर होती, लिफ्ट बंद. खाली आलो तर एजंट म्हणाला, ‘काका, तुम्ही वर कशाला चढता, आम्ही आहोत ना.’ माझ्या बाजूने जिन्याचा विचार करणारा त्या आवारात तो एकटाच होता.

निवृत्त_निरीक्षक

हे माझ्या काळात व्हायला नको होतं. झालं असेल तर चूक.

सरळसोट

उद्या म्हणाल बहिऱ्यांनाही लायसन द्या.

कोथिंबिरीची_जुडी

उद्या कशाला? चाचणी पास झाला तर बहिऱ्यालाही नाकारता येणार नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 लाच म्हटलंय. काचा बंद, गाणी फुल्ल, कानात इअरफोन, त्यांचं काय करायचं ते तुम्ही सुचवा.

लेस्टरची_मावशी

आमच्याकडे इंग्लंडमध्ये 1977 पासून मोटॅबिलिटी नावाची योजना आहे. सरकार अपंगांना जो भत्ता देतं तो तिकडे वळता करायचा, बदल्यात कार भाड्याने मिळते, विमा-दुरुस्तीसकट. माझ्या दिरांच्या गाडीला डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर बसवून दिलाय. भारतात असं का होत नाही कळत नाही.

सरळसोट

मावशी, पूर्ण सांगा की. तुमच्याकडेही सरकारने अपंगांना निळ्या रंगाच्या तीनचाकी दिल्या होत्या. त्या वाऱ्याने हलायच्या, उलटायच्या. 2003 साली उरल्यासुरल्या रस्त्यावरून काढून टाकल्या, सुरक्षिततेच्याच कारणाने. मी तेच म्हणतोय तर मी खलनायक!

लेस्टरची_मावशी

काढल्या हो, पण माणसांना घरी नाही बसवलं. आधी भत्ता आला, कार आल्या, मग तीनचाकी गेल्या. तुम्ही आधी काढायचं म्हणताय.

गॅरेजवाला_कोल्हापूर

ते लंडन ऱ्हाऊ द्या. जोडचाक साहेब, रिव्हर्सचं काय लिहिलंत? रिव्हर्सवालं किट मिळतंय की. गिअरची वेगळी डबी येते, साइडला दांडा असतो. आमच्याकडनं गेल्या साली सात-आठ गाड्या गेल्या. तीस वर्षं लोकांस्नी ओढायला लावताय व्हय?

जोडचाक

बघितलंय. वजन वाढतं, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि डबीतून तेल गळलं की इकडे कुणी हात लावत नाही. ‘जिथनं घेतलं तिथं न्या’ म्हणतात. मी गाडी लावतानाच तोंड बाहेर करून लावतो.

चाकाची_खुर्ची

अवांतर आहे, पण ओढण्यावरून आठवलं. कार घ्यायच्या आधी वर्षभर मीही साइड व्हीलची स्कूटर चालवली. भाजी घेऊन सुट्टे पैसे मोजत होते, मागून एका गृहस्थांनी न विचारता कॅरिअर धरून गाडी खसकन मागे ओढली. मी वर बसलेली! कमरेत तोल नाही, हँडलवर आदळले, टोमॅटो रस्त्यावर. वर म्हणाले, ‘मदतच केली ना?’ आधी विचारा. सामान नाही ते.

पार्किंगग्रस्त

पार्किंगचाच विषय निघालाय तर आमच्या सोसायटीत

कोथिंबिरीची_जुडी

नाही निघाला.

पार्किंगग्रस्त

ऐका तरी. माझी मुलगी व्हीलचेअरवर आहे. दार पूर्ण उघडून बाजूला खुर्ची लावायला जागा लागते, नाहीतर सीटवर सरकता येत नाही. कमिटीने आम्हाला दोन खांबांच्या मधली जागा दिली. दार अर्धं उघडतं. मीटिंगला सांगितलं तर अध्यक्ष म्हणाले, लॉट काढून दिलंय, सगळ्यांना समान न्याय. तीन वर्षं मी आधी गाडी बाहेर काढतो, मग तिला बसवतो. पावसात एक छत्री खुर्चीवर, एक माझ्या तोंडात.

गॅरेजवाला_कोल्हापूर

वाईट आहे राव. पण रिव्हर्सचं संपवू द्या. पेट्रोलची गाडी नको आसंल तर इलेक्ट्रिक बघा. चेतक, एथर, आयक्यूब, सगळ्यांस्नी रिव्हर्स कंपनीचाच हाय.

जोडचाक

आणि साइड व्हील लावल्यावर वॉरंटी? शोरूमवाल्याने तोंडावर सांगितलं, बाहेरचं काही जोडलंत तर आमची जबाबदारी संपली. काहींची मोटर चाकातच, तिथे जोड कुठून घ्यायचा? रिव्हर्स आहे पण चाकं नाहीत, चाकं आहेत तर रिव्हर्स नाही. आमच्या नशिबी असंच.

घाटातला_बैल

माझे वडील पायाऐवजी काठीने गाडी मागे रेटायचे. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातातली काठी जमिनीला टेकवून होडी वल्हवल्यासारखं. चढाला नाही जमायचं, पण घराच्या फाटकातून निघायचे. काठीच्या टोकाला सायकलच्या टायरचा तुकडा खिळ्याने ठोकला होता.

जोडचाक

बैलोबा, हे डोक्यात आलंच नाही कधी! कुबडीला खाली रबर असतंच. करून बघतो.

निवृत्त_निरीक्षक

रहदारीत हे करू नका.

सरळसोट

बघा, आता काठीने स्कूटर वल्हवणार. आणि जुगाड म्हटलं की राग येतो!

चाकाची_खुर्ची

राग जुगाड म्हटल्याचा नाही. कंपन्या आमच्यासाठी बनवत नाहीत, दुकानदार वॉरंटी काढून घेतात, मग आम्ही वेल्डरकडे जातो आणि तुम्ही आम्हालाच वेल्डिंगचा दोष देता, त्याचा आहे. तुमच्या कारला कंपनीने ब्रेक बसवूनच दिलाय ना? की तोही तुम्ही नाना पेठेतून आणलात?

सरळसोट

ठीक. ‘लायसन देणं ही भलती दया’ हे वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं होतं. किटची दरवर्षी तपासणी हवी यावर मात्र ठाम आहे. आणि बंपरचे साडेचार हजार मलाच पडले, त्यावर एवढ्या प्रतिसादांत एकही ओळ नाही.

कोथिंबिरीची_जुडी

घ्या, खास तुमच्यासाठी ओळ: अरेरे.

जोडचाक

दरवर्षी तपासणी? चालेल. तळमजल्यावर ठेवा.

गॅरेजवाले, तुम्हाला खरंच एक विचारायचंय. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक खचलेत. दोन्ही साइड व्हील वर राहतात आणि मधलं चाक खड्ड्यावर अधांतरी. रेस केली की नुसतं गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. कालच दूधवाल्याने धक्का दिला.

गॅरेजवाला_कोल्हापूर

साइडची चाकं खाली आल्यात तुमची. मधलं चाक लोड घेईना झालंय. दोन्हीकडची एक-एक बोटभर वर घ्या, एकाच मापात, न्हाईतर गाडी एकीकडं ओढंल. आनि बसून माप घ्या. रिकाम्या गाडीचं माप घेऊ नगा, तिथंच समदे फसत्यात.

जोडचाक

मी बसलो तर माप कोण घेणार?

गॅरेजवाला_कोल्हापूर

दूधवाला हाय की.