उत्तर: महिन्याला दीड हजार किमी असेल तर डिझेलच?

महिन्याला दीड हजार किमी रनिंग असेल तर डिझेलच घ्यावी, असा हिशोब इथे मांडला जातोय. तो पैशापुरता ठीक आहे, पण ते किमी कुठे आणि कसे पडतात हे कुणीच विचारत नाहीये. माझं रनिंग तेवढंच होतं. पण त्यातलं निम्मं साताऱ्यातच, शाहूपुरी ते पोवई नाका, दिवसातून चार-पाच खेपा. घाटात डिझेलचा टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, मिळावी म्हणून हौसेने बीएस-६ची (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) जुनी डिझेल सेडान घेतली. यवतेश्वरचा घाट चढताना मजा यायची, खोटं कशाला बोलू! दोन महिन्यांत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. त्या फिल्टरमधली काजळी जळायला सायलेन्सरकडे साधारण ६०० अंश तापमान लागतं, आणि ते गावातल्या चार किमीत येत नाही. मग ती काजळी जळावी म्हणून रविवारी गाडी हायवेने कराडपर्यंत पळवून आणायची. हायवेच्या सहापदरी कामामुळे तिथेही दर थोड्या अंतरावर डायव्हर्जन.

एक गोष्ट इथे आली नाही. फिल्टर साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. ते काम वारंवार अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. म्हणून २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ची, जुनी डिझेल गाडी बघायला गेलात तर डिपस्टिक (इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढाच. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर ती गाडी गावातच फिरलेली समजा, मालक हायवे रनिंग म्हणून कितीही शपथा घेवो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून फिल्टरमधल्या काजळीचा आकडाही बघून घ्या. मी आता टर्बो पेट्रोलवर आलोय. घाटात ॲव्हरेज रडवतं, पण रविवार माझा मला मिळतो.