मदत हवी आहे: प्लेअर गाडीच्या टेपला लावला की मागून घूंऽऽ येतंय

चोपडेकर
प्लेअर गाडीच्या टेपला जोडलाय. गाणी वाजतात, पण मागून सारखं घूंऽऽ चालू. डोकं उठलं. उद्या पहाटे घरच्यांना घेऊन तोरणमाळला निघायचंय. काय करू? लवकर सांगा.

तापीकाठ
कोणता प्लेअर, कोणता टेप, जोडलाय कशाने? एवढं तरी लिहा राव.

केळीबाग_रावेर
वायरींच्या भानगडीत पडूच नका. एफएम ट्रान्समीटर घ्या, लायटरच्या सॉकेटात खोचा, रेडिओवर तो नंबर लावा, विषय संपला. माझ्या पिकअपमध्ये तोच आहे. बऱ्हाणपूरपर्यंत मस्त वाजतो.

तापीकाठ
@केळीबाग_रावेर तुमच्या रस्त्याला रेडिओ मोकळा असतो म्हणून. जळगावात शिरून बघा, गाण्यात बातम्या घुसतात. ८७.५ ते १०८ मध्ये रिकामा नंबर शोधत बसायचं, गाव बदललं की परत शोधायचं. गाडी चालवायची का कान पिळायचा?

केळीबाग_रावेर
आम्हाला तरी कधी त्रास झाला नाही. ज्याला जमत नाही त्याने बोलू नये.

चोपडेकर
मी ट्रान्समीटरचं विचारलंच नाही. साधा एमपीथ्री प्लेअर आहे. हेडफोनच्या भोकातून वायर काढून टेपच्या ऑक्समध्ये, म्हणजे बाहेरचं गाणं आत घ्यायच्या भोकात. कंपनीचा टेप, सीडीवाला.

अमळनेरचे_काका
आमच्या वेळी कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॅप्टर यायचा. टेपमध्ये सारायचा, शेपटीसारखी वायर बाहेर. घूं नाही, घां नाही.

चोपडेकर
काका, सीडीवाला टेप आहे. कॅसेट कुठे सारू?

भुसावळ_यार्ड
वायरच्या पिनेवर काळ्या रेघा किती? दोन असतील तर बरोबर. तीन असतील तर ती माइकवाली वायर, ऑक्समध्ये नीट बसत नाही. कधी संगीत येतं आणि गायकच गायब होतो.

चोपडेकर
दोन. गायक आहे. घूं पण आहे.

मिरची_नंदुरबार
आजकाल प्लेअर कोण वापरतं? मोबाइल ब्लूटूथला जोडा ना.

चोपडेकर
टेपला ब्लूटूथ नाही. आणि तोरणमाळच्या घाटात नेट चाललं तर मला कळवा. आईला कानबाईची, आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणी ऐकायचीत, आमच्या गल्लीतल्या बायांनी म्हटलेली. प्लेअरमध्येच रेकॉर्ड केली होती, दुसरीकडे कुठेच नाहीत.

अमळनेरचे_काका
कानबाईची गाणी! बाळा, ती इथे टाक. आमच्याकडे श्रावणात रोट असतात, पण म्हणणाऱ्या बाया आता राहिल्या नाहीत. पोरी डीजे लावतात.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक
गाणी नंतर. चोपडेकर, दोन गोष्टी सांगा. रेस दिली की घूं चढतं का? आणि प्लेअर लायटरच्या सॉकेटला चार्जिंगला लावलाय का?

चोपडेकर
चढतं. चार्जिंगला असणारच ना! बॅटरी जुनी आहे, शिरपूरसुद्धा गाठत नाही.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक
हेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. प्लेअरची अर्थिंग चार्जरमधून गाडीच्या बॉडीला जाते आणि ऑक्सच्या वायरमधून टेपलाही जाते. दोन वाटा झाल्या की अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आवाज गाण्यात शिरतो. रेसबरोबर चढतो तो त्यामुळेच. चार्जर उपटून बघा, लगेच थांबेल.

भुसावळ_यार्ड
टेपची अर्थिंगची वायर उघडून बॉडीला नीट घासून पक्की करा. मूळ इलाज तोच.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक
त्याने फरक पडतो, पण रात्री डॅशबोर्ड खोलून पहाटे निघणार का हा माणूस? ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, ऑक्सच्या वायरमध्ये मधे लावायचा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पलीकडे जातं पण अर्थिंग तुटते.

तापीकाठ
स्वस्तातले आयसोलेटर बेस खातात.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक
कानबाईच्या गाण्यात बेस कुठून आला भाऊ?

मिरची_नंदुरबार
पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. कंपनीचे टेप एनटीएफएस वाचत नाहीत बहुतेक.

चोपडेकर
पेनड्राइव्ह कुठून आला मधेच? सीडीच्या टेपला यूएसबीच नाही. चार्जर काढला तर घूं गेलं हे खरं, पण मग बॅटरीचं काय? आता रात्री आयसोलेटर कोण देणार मला?

अमळनेरचे_काका
काबरं भांडी राह्यनात भो? त्याले सकाय निंघनं शे.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक
घरात मोबाइलची पॉवर बँक आहे का? प्लेअर तिच्यावर लावा. पॉवर बँक गाडीला जोडलेली नसते, म्हणजे दुसरी वाट उरतच नाही. फक्त ती पॉवर बँक वाटेत गाडीच्या सॉकेटला चार्जिंगला लावू नका, नाहीतर परत तेच.

केळीबाग_रावेर
ट्रान्समीटर घेतला असता तर एव्हाना झोपले असते.

चोपडेकर
लावून बघितलं. दोन-तीनदा रेस दिली, काहीच येत नाही. पण टेप पूर्ण वाढवला तरी गाणं बारीकच.

धुळे_ऑटोइलेक्ट्रिक
प्लेअरचा आवाज पाऊणपेक्षा थोडा जास्त ठेवा, इक्वलायझर बंद, मग टेपवरून कमीजास्त करा. प्लेअर बारीक ठेवून टेप फुगवला की खरखरच मोठी होते. अगदी टोकाला नेऊ नका, गाणं फाटतं.

तापीकाठ
शिरपूरमार्गे जाणार ना? पेट्रोल शहाद्यातच भरून घ्या. परतीला शहाद्यात शेवभाजी खा, कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका.

मिरची_नंदुरबार
शेवभाजी खायची तर जळगावची. शहाद्याचं काय सांगता!

चोपडेकर
जमलं आता. धुळेवाल्या भाऊंचे आभार. काका, गाणी टाकतो, पण आईला विचारून.

यावल_डीजे
धागा आत्ता बघितला. बारा इंची सबवूफर आहे माझ्याकडे, बॉक्ससकट द्यायचाय. कोणाला पाहिजे का?