मदत हवी आहे: गॅमा दिलेल्या चवळीचे पराग रंगतात पण रुजत नाहीत

एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे, चवळीचं कोरडं बियाणं कोबाल्ट-६० वर गॅमा किरणांचे १००, २०० आणि ३०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) डोस देऊन पेरलंय, सोबत कंट्रोल (किरण न दिलेलं बियाणं) आहेच. आता एम१ (किरण दिलेल्या बियांपासूनची पहिली पिढी) झाडं फुलावर आलीत. अॅसिटोकार्मिनमध्ये (परागकण लाल रंगवणारं द्रावण) ३०० ग्रेला पण बरेचसे परागकण गोल, टच्च लाल दिसतात, थोडे सुरकुतलेले बिनरंगाचे. पण ब्रूबेकर-क्वॅक मीडियावर (पराग रुजवून बघायचं पोषक माध्यम), १०% साखर, १०० पीपीएम बोरिक अॅसिड वगैरे नेहमीचंच, त्यात नळी फार कमी कणांना फुटते आणि वैताग म्हणजे कंट्रोलचीही तीच गत, त्यामुळे हा रेडिएशनचा परिणाम की मीडियाचा हेच कळेना. अॅसिटोकार्मिन मेलेल्या कणालाही रंगवतं हे माहितीये, म्हणून तर नुसत्या त्यावर विसंबायचं नाहीये. साखर १५% पर्यंत वाढवून बघितली, कण फुटून वाया जाण्याचं प्रमाण कमी झालं पण नळ्या तेवढ्याच. फुलं सकाळी उमलल्यावर घेते. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप कॉलेजात नाही, म्हणजे एफडीए (फ्लुरोसीन डायअॅसिटेट, जिवंत कण चमकवणारा रंग) बाद, टेट्राझोलियम (जिवंत कण लाल करणारं रसायन) मिळू शकतं.

चवळीवर कोणी काम केलंय का? साखर अजून किती वाढवू, पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) घालू का, की उमलायच्या आधीची कळीच घ्यायला हवी?