झेमेलक्नोडल पाण्यात फुटतात त्याबद्दल
झेमेलक्नोडल, म्हणजे शिळ्या पावाचे पाण्यात शिजवलेले जर्मन गोळे, पाण्यात विरघळतात म्हणून मैदा वाढवावा का, असं एकाने विचारलंय. मैदा नकोच, गोळे चिवट होतात. घोळ बहुतेक वेळा दुधाचा असतो. २५० ग्रॅम शिळ्या झेमेलना, म्हणजे बव्हेरियातल्या साध्या गोल पावांना, २५० मिली कोमट दूध पुरतं. तेही सगळं एकदम ओतू नये. पाव दोन-तीन दिवसांचा, पातळ चकत्या केलेला हवा. मऊ सँडविच ब्रेड घेतलात तर लगदाच होणार.

२० मिनिटं झाकून ठेवा. मग २ अंडी, लोण्यावर परतलेला कांदा, पार्सली, मीठ, किंचित जायफळ. मळू नका, हलकेच दाबून एकत्र करा. पावाचे तुकडे दिसले पाहिजेत. ओल्या हातांनी गोळे वळून भेगा बुजवा, पाणी तिथूनच आत शिरतं. आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर उरलेल्या मिश्रणात चमचा-दोन चमचे ब्रेडक्रम्स घालून १० मिनिटं थांबा. मिठाचं पाणी खळखळ उकळतं नको, नुसतं थरथरत राहावं. १५ ते २० मिनिटं पुरे.

उरलेच तर दुसऱ्या दिवशी चकत्या लोण्यावर खरपूस परतून वर अंडं फोडा. खरं तर तेवढ्यासाठी चार जास्तच करावेत.