मदत हवी आहे: आईच्या जुन्या फोनमधले व्हॉइस मेसेज नव्यात कसे आणू?

नमस्कार मंडळी, नवी पेठेतून आईसाठी नवा अँड्रॉइड फोन घेतला. वक्र काचेचा, जांभळा. आई खूप खूश आहे. पण जुन्यात आजोबांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज आहेत. आजोबा गेले, आता तेवढाच त्यांचा आवाज उरलाय. गुगलची १५ जीबी मोफत जागा भरलीय आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता त्यातच मोजतात. क्यूआर कोड स्कॅन करून एका फोनवरून दुसऱ्यावर थेट चॅट नेता येतात, हे माहीत आहे. पण सोलापूरच्या या उन्हात जुना फोन तापून मध्येच बंद पडतो. काम अर्धवट राहिलं तर जुन्यातले मेसेज शाबूत राहतात का? कुणी केलंय? डेटा न पुसता बॅटरी बदलून देणारं खात्रीचं दुकान माहीत असेल तर कृपया सांगा.